शेवटचा बार ज्याचा

बीट काढायला लागले की आमच्या रस्त्यावर चिखलाची ढेकळं पडतात. ट्रॅक्टरच्या चाकांतून सुटलेली, बुटाएवढी. शेताच्या कडेने बिटांचे ढीग लागतात, लांबच लांब, माणसाच्या छातीइतके उंच, आणि धुकं त्या ढिगांना टेकून बसतं ते दुपारपर्यंत उठत नाही. या बिटांची साखर करणाऱ्या कारखान्याची भट्टी पेटली की गोड, कुजकट वास येतो. कोणी माती उकडायला ठेवलीय असा. माझी सून पल्लवी तेव्हा घरभर फिरून खिडक्या लावून घेते. "अहो बाबा, वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो," म्हणते. मी माझ्या खोलीची खिडकी उघडी ठेवतो. त्या वासाबरोबर मला एक माणूस आठवतो, आणि तो आठवला की मला बरं वाटतं. प्रेम म्हणून नव्हे.

जर्मनीत, आखन शहरापासून बसने पाऊण तासावर आमचं गाव. डोंगर नाही, समुद्र नाही, सपाट काळी जमीन आणि तिच्यावर पवनचक्क्या. मी मूळचा दक्षिण कोकणातला. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर आवडायचे म्हणून. जहाजावर खलाशी झालो, हांबुर्गला उतरलो, आणि पुढे इथल्या ओतकाम कारखान्यात भट्टीपुढे आयुष्य काढलं. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की मी कोणाच्या शिफारशीवर इथे उभा नाही. इथे बंदूक धरायची तर परीक्षा द्यावी लागते. झाडं, पाखरं, कायदे, जनावरांचे रोग, सगळ्याची. सुशिक्षित जर्मन त्यात नापास होतात. मीही पहिल्या खेपेला झालो. दुसऱ्या हिवाळ्यात पल्लवी ऑफिसातून आली की स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता मला प्रश्न वाचून दाखवायची, आणि मी कानाने पाठ करायचो. ती पुण्याची, घरात अंडंसुद्धा न आणणारी. सशाच्या आतड्यातल्या जंतांची नावं तिने न चुकता म्हणून घेतली. पास झालो तेव्हा मी दुकानात जाऊन शिकाऱ्यांची हिरवी टोपी घेतली आणि घालूनच घरी आलो.

बंदूक धरायची हौस मला कुठून आली, ते माझ्या बापाला विचारावं लागेल, आणि तो तर कधीच गेला.

माझा बाप हाकारा होता. आमच्या गावात शिमग्याच्या दिवसांत पारध निघायची. तेव्हा ती चालायची, कायदे नंतर आले. बंदूकवाले चार-पाच, सगळे जमीनवाले. ते खिंडीत दबा धरून बसत. बाकीचा गाव रानाच्या दुसऱ्या टोकाने काठ्या आपटत, पत्र्याचे डबे बडवत, ओरडत रान पिंजून काढी. रानडुक्कर उठायचं ते हाकाऱ्यांच्या हिमतीवर. पडायचं ते मात्र बंदूकवाल्याच्या नावावर. पडलं की वाटे व्हायचे. ज्याचा बार पहिला लागला, जनावर त्याचं, हा गावचा नियम. मान त्याला, मांडी त्याला. हाकाऱ्यांना सागाच्या पानात गुंडाळून मूठभर मांस. बाप ते पान घरी आणायचा, आईपुढे ठेवायचा आणि पाय धुवायला जायचा. एकदा मी विचारलं, तुमच्या हातात बंदूक का नाही. तो म्हणाला, "बंदूक धरणाऱ्याक डोळे लागतत. काठी धरणाऱ्याक कान लागतत. तुका काय होया ता तू बघ."

मला काय हवं होतं ते मी तेव्हाच ठरवलं होतं.

तर ब्रेमर. दुधाचा धंदा करून निवृत्त झालेला, गालांनी लाल, मिशा पांढऱ्या, हसताना डोळे मिटणारा माणूस. आमच्या शिवारातल्या शिकारीचा हक्क योसेफ नावाच्या शेतकऱ्याकडे आहे. कोण बंदूक घेऊन उभा राहील, कोण काठी घेऊन चालेल, हे तो ठरवतो. इथेही हाकारे असतात, नारिंगी जाकिटं घातलेले. मी योसेफच्या बंदूकवाल्यांत होतो, आणि रांगेत माझ्या डावीकडे नेहमी ब्रेमर असायचा.

त्या नोव्हेंबरात धुकं असं होतं की पवनचक्क्यांची पाती वरून खाली येताना दिसायची आणि पुन्हा नाहीशी व्हायची. हाकारे बिटांत शिरले. पलीकडच्या गव्हाच्या कोंबांवर रानहंस बसले होते, ते उठले. रानहंस उठतात तेव्हा पहिल्यांदा आवाज येतो, बाजार उठल्यासारखा, मग पंख, मग पाखरं. माझ्यावरून एक थवा गेला, उंच. मी बार टाकला. शेवटचा हंस हवेत अडखळला. पाय खाली सोडले त्याने, मान वाकडी केली, आणि तसाच कलत कलत ब्रेमरच्या डोक्यावर गेला. ब्रेमरने अगदी खालून, पतंग काटावा तसा, त्याला पाडला.

मी धावत गेलो आणि हंसाची मान धरली. गरम होती. म्हणालो, "माझा. पहिला बार माझा लागला."

इथे माझं चुकलं, असं इथले शिकारी म्हणतात. मी म्हणतो, मी माझ्या गावचं खरं बोललो. पण जर्मनीत रीत उलटी आहे. गोळी असेल तर पहिली मोजतात. छर्रे असतील तर शेवटचा बार ज्याचा, जनावर त्याचं. परीक्षेत हे नव्हतं, किंवा असेल तर पोळी लाटण्याच्या आवाजात राहून गेलं असेल. ब्रेमरने माझ्या मुठीतून हंस सोडवून घेतला, एकेक बोट उचलून, लहान पोराच्या हातातून कात्री घ्यावी तसा.

संध्याकाळी धान्याच्या कोठारात वाटाण्याचं सूप असतं आणि सूप झालं की खोटं कोर्ट भरतं. शिकाऱ्यांची जुनी गंमत आहे ती. एक जण न्यायाधीश होतो, एक फिर्यादी, दिवसभरात ज्याची चूक झाली त्याच्यावर खटला, आणि शिक्षा. ब्रेमर फिर्यादी झाला. बाकावर उभा राहून म्हणाला, "आमचा दत्ता हंसांना मारत नाही. तो त्यांना गुदगुल्या करतो. मग ते हसत हसत माझ्याकडे येतात."

लोक टेबलं बडवून हसले. मीही हसलो. हसल्याशिवाय बाहेर कसं पडणार?

"आणि मग हा येतो, आणि म्हणतो, गुदगुल्या मी केल्या, हंस माझा. शिक्षा काय?"

कोणीतरी ओरडलं, "काठी!"

शिक्षा गमतीची होती. पुढच्या शिकारीला मी हाकाऱ्यांत काठी घेऊन चालायचं. पण योसेफ मला दारापाशी गाठून म्हणाला, आणि तो हसत नव्हता, "दत्ता, गंमत सोड. पाखरू जखमी होऊन उडत जाणं बरं नाही. तुझा बार पोचत नाही. पोचेपर्यंत काठीच घे."

मी चाललो. नारिंगी जाकीट घालून, ओल्या बिटांत, गुडघ्यापर्यंत भिजून. समोर दूरवर रांगेत ब्रेमर उभा होता, आणि मी ससे उठवून त्याच्याकडे पाठवत होतो. चार इयत्ता, एक समुद्र, एवढी वर्षं भट्टीपुढे, आणि शेवटी बापाचीच काठी माझ्या हातात. घरी आल्यावर पल्लवीने विचारलं, "बाबा, आज काही मिळालं?" मी बूट काढत राहिलो.

राग सोडावा म्हणतात. देवळातले म्हणतात, डॉक्टर म्हणतात, माझा मुलगा जेवताना म्हणतो. मी सोडत नाही. कोकमाच्या आगळात मीठ घातलं की ते वर्षभर टिकतं, रंग उलट गडद होतो. मी माझ्या रागात मीठ घातलं आणि बरणी घट्ट लावून ठेवली. तो सगळा हिवाळा, आणि पुढचा उन्हाळा, मी एकच गोष्ट केली. लांब मारणारी बंदूक शोधली.

फ्राऊ एसर म्हणून एक बाई आहेत, बंदुकांचं दुकान चालवतात. त्यांच्या चष्म्याची दोरी नेहमी गुंतलेली असते. मी जाऊन सांगितलं, मला सगळ्यात लांब नळी द्या.

"कशाला?"

"लांब मारायचंय."

"नळी लांब असली म्हणून छर्रे लांब जात नाहीत," त्या म्हणाल्या. "फार तर बंदूक हातात डगमगत नाही, एवढाच फायदा."

मला पटलं नाही. आमच्याकडे लांब काठीने आंबा लांबचा पडतो. पण बाई भांडण्यातल्या नव्हत्या. छर्ऱ्यांचं असं की नळीतून सुटले की ते पसरतात. नळीचं तोंड पुढे किंचित आवळलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. जास्त आवळलं तर छर्रे दूरवर एकत्र राहतात, पण जवळचं पाखरू हुकतं किंवा चिंधड्या होतं. बारीक छर्रे घेतले तर पुष्कळ, पण दूर गेल्यावर त्यांच्यात जीव उरत नाही, पिसांवर टपटपतात. तीच माझी गुदगुली. जाड घेतले तर जीव असतो, पण थोडेच असतात, आणि त्यांच्यामधून हंस निघून जातो. त्यात शिसं पाणथळीपाशी चालत नाही. पोलादाचे छर्रे हलके, लवकर दमतात. टंगस्टन म्हणून एक धातू आहे, शिशाहून जड म्हणतात. ओतकामात जन्म गेला माझा. जड धातूवर माझा विश्वास आहे.

"अहो, पस्तीस मीटरच्या पुढे मारूच नये," फ्राऊ एसर म्हणाल्या. "पुढे सगळी आशाच असते."

"ब्रेमर पस्तीसच्या आत मारतो. कारण मी त्याला आत पाठवतो."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला हंस मारायचाय की माणूस?"

"हंस. माणसाने नुसतं बघायचंय."

आल्झो, बरं तर, म्हणाल्या, मग कागदावर बघू.

कागदावर बघणं म्हणजे मोठ्या खाकी कागदावर दुरून बार टाकायचा आणि भोकं कशी पडली ते पाहायचं. हंस कोण काढणार? पल्लवीने जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि कोळशाने पंख काढायला बसली.

"बाबा, इतका जाडा असतो?"

"पिसं फुगवतो. आत तेवढा नसतो."

"आणि तोंड असं रागीट का करायला सांगताय?"

"मी काही सांगितलं नाही. तुझ्या हाताने झालं."

ती हसली. मग पंखांना पिसं काढता काढता म्हणाली, "त्यांनी तुम्हाला काय म्हटलं हो त्या दिवशी?" मी सांगितलं. गुदगुल्या, कात्री, काठी, सगळं. ऐकून तिने हंसाच्या चोचीजवळ दोन मिशा काढल्या, पांढऱ्या खडूने, आणि कागद गुंडाळून माझ्या काखेत दिला. पुण्याच्या पोरी दिसतात तशा नसतात.

पन्नास पावलांवरून त्या मिशाळ हंसावर मी वेगवेगळी काडतुसं उडवली. सैल चोकने कागदभर पुरळ उठलं आणि हंस कोरडाच राहिला. घट्ट चोक आणि जड छर्रे घातले तेव्हा छातीत, मानेत, आणि एका मिशीत भोकं पडली. मी बराच वेळ त्या कागदापुढे उभा होतो. शिशिरातलं ऊन त्या भोकांतून येत होतं.

तरी उडत्या मातीच्या थाळ्यांवर माझे बार मागेच पडत. फ्राऊ एसर मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "बंदूक पोचते. तुम्ही उशिरा पोचता." माझी जुनी दुनळी कोणा उंच जर्मनासाठी केलेली. दस्ता लांब, माझे हात आखूड. खांद्याला लावताना दर वेळी काखेत कोटाला अडकायची, आणि तेवढ्यात पाखरू पुढे गेलेलं असायचं. दस्ता कापायला हवा, त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं. बंदूक कापून लहान करायची म्हणजे मी लहान आहे असं कबूल करणं. महिनाभर मी कोट बदलून पाहिले, हात ताणून पाहिले, आरशापुढे पल्लवीची झाडूची काठी खांद्याला लावून पाहिली. अखेर नवी बंदूक घेतली, नळ्या एकीवर एक, तोंड घट्ट आवळलेलं, आणि दस्ता माझ्या मापाने कापून घेतला. ती पहिल्यांदा खांद्याला लागली तेव्हा गालाला लाकूड असं बसलं की मला क्षणभर कोणी जवळ घेतल्यासारखं वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापाची हत्यारं वापरली मी. भट्टीतले चिमटे, पाने, हातमोजे, सगळे मोठे. हे पहिलं माझ्या मापाचं होतं. ते मी कोणावर तरी सूड घेण्यासाठी केलं याची मला लाज वाटत नाही. प्रेमाने कोणी करून दिलं नव्हतं.

थाळ्या फोडून दाखवल्या तेव्हा योसेफ म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. ये रांगेत. जागा कुठली देऊ?"

"ब्रेमरच्या उजवीकडे. नेहमीची."

पुन्हा बिटांचा ढीग, पुन्हा तेच धुकं, बोटांना लोखंडाचा गारठा. बिटाची कापलेली पानं कुजताना पालकासारखा वास येतो, आणि त्यात काडतुसाचा वास मिसळला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, का ते माहीत नाही. हाकारे ओरडले. हंस उठले. या खेपेला ते डावीकडून आले, ब्रेमरवरून. त्याने दोन्ही नळ्या रित्या केल्या. एक हंस हलला, पिसं सुटली, पण पडला नाही. वर चढला, माझ्यापुढून तिरका, दूर, अजून दूर. मागच्या वर्षी मी तो सोडला असता. बंदूक आपोआप गालाला लागली. मी त्याच्या चोचीच्याही पुढे, रिकाम्या धुक्यात नेम धरला आणि चाप ओढला.

हंस दुमडला. वर्तमानपत्राची घडी घालावी तसा. पानांत पडल्याचा आवाज उशिरा आला.

मी जागचा हललो नाही. ब्रेमर धावला. मला हेच बघायचं होतं, पण ते इतकं जसंच्या तसं घडेल असं वाटलं नव्हतं. त्याने हंसाची मान धरली आणि लाल होऊन म्हणाला, "याला मी आधी मारला होता. तो मरणारच होता."

मी सावकाश गेलो. बंदूक उघडून, खांद्यावर टाकून. "मरणारच होता," मी म्हटलं. "सगळेच मरणार आहेत, ब्रेमर. सोड."

तो सोडेना. मग मी त्याची बोटं उचलली. एकेक.

त्या संध्याकाळी कोठारात फिर्यादी मी होतो. माझं जर्मन मोडकं आहे, पण त्या दिवशी मोडकं लागलं नाही. बाकावर उभा राहिलो आणि एवढंच म्हणालो की हेर् ब्रेमर यांना कोकणातला कायदा आवडला आहे, पहिला बार ज्याचा जनावर त्याचं, तर त्यांना कोकणातली कामंही आवडतील. "शिक्षा काय?" योसेफने विचारलं. टेबलं माझ्या आधी बोलली. काठी.

हंस मी घरी आणला. मुलाने वाटण केलं, सुकं खोबरं, तिरफळं. पल्लवी वरण-भात घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "वास मस्त येतोय, पण मी खाणार नाही हं." मी हाडं चोखून खाल्ली. सूड गोड असतो म्हणतात. तिखट असतो. घाम फुटतो आणि तरी माणूस पुन्हा वाढून घेतो.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पुढच्या शिकारीला ब्रेमर काठी घेऊन आला. शब्दाला जागणारा माणूस आहे, एवढं म्हणेन. नारिंगी जाकीट त्याच्या पोटावर लागत नव्हतं. मी ढिगाआड माझ्या जागेवर उभा, बंदूक भरलेली, बंदूकवाल्यांच्या रांगेतला मान माझा, आणि समोरून तो ओल्या बिटांतून येताना मला दिसत होता. वर्षभर हे दृश्य मी मनात रंगवलं होतं. त्याचे गुडघे भिजले होते. तो घसरत होता. मी पोटभर बघून घेतलं.

मग मला दिसलं की त्याला ते येत नाही.

काठी तो टेकायला वापरत होता. शेजारच्याशी गप्पा मारत होता. मध्येच थांबून मिशा पुसत होता, आणि थांबला की रांगेत भोक पडत होतं, आणि त्या भोकातून ससे मागे पळत होते. एक ससा त्याच्या पायाजवळ कान पाडून बसला होता. मला ढिगाआडून त्याची पाठ दिसत होती. ब्रेमर त्याच्या बाजूने चालत गेला. त्याला वाटत होतं काठी घेऊन चालणं म्हणजे नुसतं चालणं. शिक्षा आहे, कशीतरी उरकायची. माझा बाप एका बाजूने दोनदा काठी आपटायचा आणि डुक्कर दुसऱ्या बाजूच्या खिंडीत जायचं, जिथे त्याला न्यायचंय तिथे. ओरडायचा तो मोजून. गप्प व्हायचा तोही मोजून. आणि हा माझ्या बापाच्या हत्याराने बुटाचा चिखल खरवडत होता.

मला आला तो राग पहिल्या रागाहून मोठा होता. हंस माझा घेतला तेव्हा सुद्धा एवढा आला नव्हता.

मी बंदूक उघडली, काडतुसं काढून खिशात टाकली, आणि शिट्टी मारून योसेफला बोलावलं. त्याने हात वर करून सगळ्यांचे बार थांबवले. बंदूक मी त्याच्या हातात दिली. "बरं वाटत नाही का?" त्याने विचारलं. मी ढिगाला वळसा घालून बिटांत उतरलो. पाणी बुटांत शिरलं. ब्रेमर थांबला, मी सगळ्यांपुढे हसायला आलोय असं त्याला वाटलं असावं, कारण त्याने डोळे मिटून हसायची तयारी केली.

"दे," मी म्हटलं.

"काय?"

"काठी. तुला येत नाही."

त्याने दिली. अजून हसावं की नाही ते ठरत नव्हतं त्याचं. "आणि मी?" म्हणाला.

"तू उभा राहा."

योसेफने हात खाली केला. मी रांग थोडी मागे घेऊन सरळ करायला लावली, गप्पा बंद करायला लावल्या, आणि बापासारखी जमिनीवर, पानांच्या बुडाशी, काठी आपटली. घशातून जो आवाज निघाला तो माझ्या ओळखीचा होता आणि माझा नव्हता. तो बसलेला ससा उठला. मग दुसरा उठला, मग बांधाकडून आणखी, आणि सगळे नेमके तिकडे निघाले जिकडे मी त्यांना धाडत होतो. पुढे रांगेत बार वाजू लागले. मी चालत राहिलो.

एकदाच मागे वळून पाहिलं. ब्रेमर बिटांच्या मधोमध उभा होता. त्याची बंदूक घरी कपाटात होती, आणि आता काठीही नव्हती. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. त्याने ते खिशात घातले, बाहेर काढले, आणि पुन्हा घातले.